घरकाम सांभाळून निसर्ग कसा बघायचा? बाल्कनीतल्या बुलबुलापासून सुरुवात

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. बाल्कनीतल्या कुंडीत बुलबुलाने घरटं केलंय, आत तीन अंडी आहेत आणि कपडे वाळत घालायला, झाडांना पाणी द्यायला तिथेच जावं लागतं, मग आता काय करायचं? घर, नोकरी आणि दोन लहान मुलं सांभाळून निसर्ग बघायला वेळ आणायचा कुठून? आणि पाली, कोळी, कबुतरं यांच्यासोबत राहायचं म्हणजे नेमकं किती सहन करायचं? घरट्याचं आधी सांगते, कारण त्याला थांबायला वेळ नाही.

बाल्कनी बंद करू नका. बुलबुलाच्या जोडीने ती कुंडी निवडली तेव्हा तुमची ये-जा, दाराचा आवाज, दोरीवरचे कपडे हे सगळं तिथे होतंच. ते तसंच चालू राहिलं तर त्यांना चालतं. त्रास होतो तो वेगळ्या वागण्याचा. कुणीतरी कुंडीसमोर थांबून वाकून बघतं, मोबाइल जवळ नेतं, पाहुण्यांना दाखवायला पानं बाजूला सारतं. पानं सरकली की घरट्यावरचा आडोसा जातो आणि कावळ्याला वरून अंडी दिसतात. तेव्हा काम करा, तिथे रेंगाळू नका. कपडे दोरीच्या दुसऱ्या टोकाला घाला. त्या कुंडीला पाणी कडेने, हळू आणि थोडं घाला. बघायचं असेल तर घराच्या आतून, दोन पावलं मागे राहून, खोलीतला दिवा बंद ठेवून बघा; अंधाऱ्या खोलीतलं माणूस बाहेरच्या पक्ष्याला फारसं दिसत नाही.

अंडी उबवायला साधारण बारा ते चौदा दिवस लागतात आणि पिल्लं बाहेर आल्यावर जवळपास तितक्याच दिवसांत घरटं सोडतात. म्हणजे सगळा प्रकार महिनाभरात आटोपतो. या दिवसांत जाळी बसवणं, रंगकाम, कुंड्या हलवणं, सगळं पुढे ढकला. पिल्लं जन्मतात ती पिसं नसलेली आणि डोळे मिटलेली. घरट्याच्या काठावर काही बसल्याची जाणीव झाली की मान वर करून चोच उघडतात. पुढचे काही दिवस आईवडील दोघंही अळ्या, कीटक आणि मऊ फळं आणत राहतात. एक गोष्ट मुलांना मुद्दाम दाखवा. घास भरवून झाला की पक्षी कधी कधी क्षणभर थांबतो, पिल्लाच्या शेपटीकडे चोच नेतो आणि पांढरं, पिशवीसारखं काहीतरी उचलून उडून जातो. ती पिल्लाची विष्ठा. पातळ आवरणात बांधलेली असते, म्हणून उचलता येते. एवढी पिल्लं एवढ्याशा वाटीत राहूनही घरटं घाण होत नाही ते यामुळे.

शेवटच्या टप्प्यात हमखास गडबड होते. पिल्लं नीट उडता येण्याआधीच घरट्याबाहेर पडतात. आखूड शेपटीचं, अंगावर पिसं असलेलं पिल्लू बाल्कनीच्या फरशीवर बसलेलं दिसेल आणि घरात कुणीतरी खोका शोधायला धावेल. धावू नका. आईवडील जवळच असतात आणि पुढेही काही दिवस त्याला भरवतात. मांजर असेल तर घरात कोंडा, बाल्कनीचं दार लावा, एवढंच तुमचं काम. पिसं न आलेलं, डोळे मिटलेलं पिल्लू खाली पडलं असेल तर मात्र उचलून परत घरट्यात ठेवा. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते हा समज चुकीचा आहे. पाळायचा विचार कुणाच्या मनात आला तर तिथेच थांबवा. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं त्यांना संरक्षण आहे, आणि तसंही किड्यांवर वाढणारं पिल्लू घरी क्वचितच जगतं.

आता वेळेचं. माझं म्हणणं असं की त्यासाठी वेगळा वेळ काढायला जाऊच नका. निसर्गासाठी म्हणून बाजूला ठेवलेला तास घरात सगळ्यात आधी कापला जातो. मुलाचा ताप, ऑफिसचा फोन, आलेला पाहुणा, काहीही पुरतं. त्यापेक्षा जी कामं चुकत नाहीत त्यांनाच बघणं जोडून टाका. भांडी घासायला रोज त्याच खिडकीपाशी उभं राहावं लागतं. कपडे वाळत घालायला रोज साधारण त्याच वेळी बाल्कनीत जावं लागतं. मुलांच्या बसची वाट बघत फाटकाशी रोज दहा मिनिटं जातात. जागा ठरलेली, वेळ ठरलेली, आणि रोज. निसर्ग समजायला नेमकं हेच लागतं.

सहलीला गेलं की पक्ष्यांच्या जाती दिसतात, यादी होते, फोटो होतात. पण तोच पक्षी काल काय करत होता आणि पुढच्या आठवड्यात काय करेल हे सहलीत कळत नाही. ते कळतं ते एकाच खिडकीत पुन्हा पुन्हा उभं राहिल्यावर. पक्षीतज्ज्ञ सालिम अलींचं उदाहरण बघा. १९३० मध्ये नोकरी हातात नव्हती म्हणून ते अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले आणि घराच्या आसपास घरटी विणणाऱ्या सुगरणींकडे रोज बघत बसले. त्यातून त्यांना कळलं की नर अर्धवट घरटं विणून मादीला दाखवतो, तिने पसंत केलं की ते पुरं करतो आणि मग शेजारी दुसरं घरटं विणायला घेऊन दुसऱ्या मादीची वाट बघतो. घरटी लोक आधीपासून बघतच होते. नराचा हा क्रम उलगडला तो तीच घरटी रोज बघणाऱ्याला. इंग्लंडमध्ये लेस्टर शहरात जेनिफर ओवेन या प्राणीशास्त्रज्ञ बाईंनी स्वतःच्या घराच्या बागेत काय काय येतं याची १९७२ पासून तीस वर्षं नोंद ठेवली. उपनगरातल्या घराची बाग, तिथे २,६७३ जाती सापडल्या, त्यातल्या १,९९७ कीटकांच्या. मला हा आकडा फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे काही नाही असं जे आपल्याला वाटतं, त्याचं कारण बहुतेक वेळा आपण पक्षी आणि प्राणीच मोजतो हे असतं.

कामाच्या वेळा आणि दिसणाऱ्या गोष्टी यांची जोडी आपोआप लागते. भल्या पहाटे, उजाडायच्या आधी, विणीच्या हंगामात दयाळाचा नर सगळ्यात उंच जागा धरून गातो. डबे भरताना त्याचं गाणं ऐकू येतं. ऊन तापलं, जमिनीवरची हवा वर चढू लागली की घारी पंख न हलवता चकरा घेत वर जातात, ती वेळ कपडे वाळत घालायची. दुपारी तांबट पक्ष्याचं एका लयीतलं टुक-टुक. संध्याकाळी पोपटांचे थवे रातथाऱ्याकडे ओरडत जातात, त्यानंतर थोड्याच वेळात छोटी वटवाघळं वेडीवाकडी वळणं घेत किडे टिपू लागतात. सुरुवातीला मान वर करून फक्त दहा सेकंद बघा, बाकी हात कामात राहू देत.

कान जास्त उपयोगी पडतात. डोळे चुलीवर किंवा मुलाच्या वहीवर असतात, कान मोकळे असतात. आधी पाचच आवाज पक्के करा, खिडकीतून रोज येणारे. शिंपी पक्ष्याचा आवाज त्याच्या अंगाच्या मानाने इतका खणखणीत असतो की बघितल्याशिवाय पटत नाही. मर्लिन नावाचं मोफत अ‍ॅप आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सुचवतं. त्याचा आधार घ्या, पण पक्षी डोळ्यांनी बघून खात्री करा. ओळखीचे पाच आवाज पक्के झाले की सहावा अनोळखी आवाज आपोआप कानाला टोचतो आणि एखादा पाहुणा पक्षी आलाय हे भांडी घासता घासता कळतं.

खिडकीबाहेर नुसतं झाड असणंही काही करतं. रॉजर उलरिच या संशोधकांनी १९८४ मध्ये पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना जोरकस वेदनाशामकं कमी लागली. अभ्यास छोटा होता, तेवीस जोड्यांचा. तरी सोसायटीत झाड तोडायचा विषय निघाला की मी तो आवर्जून सांगते.

तुमचा तिसरा प्रश्न सहन करण्याचा आहे. त्याआधी घरात येणाऱ्या एका प्राण्याकडे जवळून बघा, कारण तो बहुतेक घरांत येतो आणि बहुतेक घरांत झाडूने पाडला जातो. दाराच्या चौकटीत, पडद्यामागे, प्लगच्या भोकाशी मातीचं ओबडधोबड लिंपण दिसतं ना? ते कुंभारीण माशीचं. सुतासारखी बारीक कंबर असलेली गांधीलमाशी. ती ओल्या मातीची गोळी जबड्यात धरून आणते आणि भिंतीला लावताना बारीक गुणगुणते. ती गुणगुण पंखांच्या स्नायूंच्या कंपनाची असते; त्या थरथरीने माती पसरते आणि चिकटते. गोळीमागून गोळी, अशी एक नळीसारखी खोली होते. मग ती शिकारीला जाते. कोळी पकडते, डंख मारून लुळा करते, मारत नाही, आणि जिवंतच खोलीत भरते. मेलेला कोळी सडला असता. आत एक अंडं घालते, खोली भरली की तोंड मातीने बंद करते आणि शेजारी दुसरी खोली सुरू करते. अळी आतला साठा खाऊन मोठी होते, कोष करते, आणि एक दिवस त्या मातीला गोल भोक पाडून नवी माशी बाहेर येते. ही एकटी राहणारी माशी आहे, राखायला मोहोळ नाही, त्यामुळे हातात दाबली गेल्याशिवाय सहसा चावत नाही. भोक पडलेलं दिसलं की माती खरवडून चौकट पुसून घ्या. त्याआधी काही आठवडे ती माती कुणाच्याच वाटेत येत नाही. प्लगच्या भोकातलं मात्र लगेच काढा, तिथे धोका विजेचा आहे.

कुंडीत लिंबू किंवा कढीपत्ता असेल तर आणखी एक खेळ घरबसल्या मिळतो. कोवळ्या पानावर टाचणीच्या डोक्याएवढं फिकट पिवळं, गोल, एकटं अंडं शोधा. त्यातून निघणारी अळी आधी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, काळपट आणि मध्ये पांढरा डाग; कुठल्या पक्ष्याला ती खावीशी वाटेल? मोठी झाली की कात टाकून पानासारखी हिरवी होते. तेव्हा तिला काडीने हलकेच स्पर्श केला तर डोक्यामागून लालसर, दुभंगलेलं शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. मुलांना हे एकदा दाखवा, रोज नको. अळीला बरणीत घालू नका, झाडावरच राहू द्या. सगळ्या अळ्यांची फुलपाखरं होणार नाहीत. काही बुलबुल नेईल, काहींच्या अंगात दुसरे कीटक वाढतील. मुलं विचारतील, तेव्हा खरं तेच सांगा. पानं कुरतडली म्हणून फवारणी मात्र करू नका. थोडी पानं गेली तरी मोठं, धडधाकट झाड पुन्हा फुटतं. तुमच्या बाल्कनीतला बुलबुल पिल्लांना जे भरवणार आहे ते याच अळ्या आणि किडे, आणि औषध मारलेली अळी त्याच्या चोचीत जायला नको.

पाल विषारी नसते. तिची लेंडी अन्नात पडू नये म्हणून भांडी झाका, बाकी ट्यूबलाइटखाली ती डास आणि पतंग टिपत असते. भिंतीवर उड्या मारणारा छोटा कोळी जाळं करत नाही. तुम्ही जवळ गेलात की तो वळून तुमच्याकडे बघतो, कारण त्याच्या आठ डोळ्यांपैकी पुढचे दोन मोठे आणि फार तीक्ष्ण असतात. जाळी-जळमटं काढताना बैठकीच्या खोलीतली काढा, न्हाणीघराच्या छताचा एखादा कोपरा सोडा. यात घरच्यांशी वाद घालू नका. ज्याला खरोखर भीती वाटते त्याच्या खोलीतली पाल बाहेर गेलीच पाहिजे. निसर्गाची आवड कुणावर लादली की ती घरात टिकत नाही. सापाच्या बाबतीत कसलाही प्रयोग नको. माणसांना लांब करा, दुरून नजर ठेवा आणि प्रशिक्षित सर्पमित्राला बोलवा.

कबुतरांच्या बाबतीत मी कडक आहे. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ दिवसेंदिवस श्वासातून गेली तर काही लोकांना फुप्फुसांचा गंभीर आजार होतो, आणि घरात दमेकरी असेल तर अधिकच जपायला हवं. खिडकीच्या कठड्यावर तिरकी फळी बसवली की कबुतराला बसता येत नाही. काड्या जमवायला सुरुवात झाली की त्याच दिवशी काढा, अंडी येईपर्यंत वाट बघू नका. अंडी आलीच असतील तर उबवायला सतरा ते एकोणीस दिवस आणि पिल्लं उडायला पुढे चार ते पाच आठवडे धरा, आणि ती गेल्यावर जागा बंद करा. साफ करताना आधी पाणी शिंपडा, मास्क लावा, कोरडं झाडू नका.

आणि दाणे टाकू नका. पुष्कळ लोक इथूनच सुरुवात करतात, मला ते पटत नाही. शहरात उघड्यावर टाकलेल्या दाण्यावर कबुतरं आणि उंदीर येतात. ज्यांच्यासाठी तुम्ही टाकता ते लाजाळू पक्षी येतच नाहीत. शिवाय एका जागी गर्दी झाली की रोग पसरतो. ब्रिटनमध्ये २००५ पासून ग्रीनफिंच हा पक्षी एका परजीवीच्या आजाराने झपाट्याने घटला आणि तो पसरायला बागांमधल्या दाण्या-पाण्याच्या जागाही कारणीभूत ठरल्या. चिमणीसाठी काही करायचं असेल तर लाकडी पेटी लावा, भोक साधारण ३२ मिलिमीटरचं, उन्हाच्या झळीपासून आणि कुंडीच्या काठापासून दूर, मांजराला पोचणार नाही अशा उंचीवर. आणि एखादी कुंडी फवारणीविना दाट वाढू द्या, कारण मोठी चिमणी दाणे खात असली तरी पिल्लांना ती किडेच भरवते.

पाणी जरूर ठेवा. पसरट, खरबरीत मातीचं भांडं, दोन-तीन बोटं खोल, मध्ये एक दगड म्हणजे मधमाश्यांना आणि छोट्या पक्ष्यांना टेकायला जागा होते. पाणी रोज बदला आणि भांडं दर आठवड्याला घासा, नुसतं ओतून चालत नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि उष्ण हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

काचेचा धोका लोकांच्या लक्षात येत नाही. काचेत आकाश आणि झाड दिसलं की पक्षी सरळ त्यात शिरायला जातो. अमेरिकेत इमारतींवर आपटून वर्षाला ३६ कोटी ते ९९ कोटी पक्षी मरतात असा अंदाज २०१४ च्या एका अभ्यासात आला. मोठी, मोकळी काच असेल तर बाहेरच्या बाजूने ठिपके किंवा पट्ट्या काढा, त्यांच्यात पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर नको. काचेच्या मधोमध एकच ससाण्याचं स्टिकर लावून काही होत नाही. पक्षी ते चुकवतात आणि शेजारच्या मोकळ्या काचेवर आपटतात. तुमची बाल्कनी उघडी असली तरी शेजारच्या खोलीची काच एकदा बाहेरून बघून घ्या. पाण्याचं भांडं काचेपासून दूर ठेवा. रात्री बाल्कनीतला दिवा बंद करणं तर फुकटचं काम आहे. पतंग त्याभोवती फिरून फिरून दमतात आणि रात्र वाया घालवतात.

मुलांना घेऊन काय करायचं, असंही तुम्ही ओघात विचारलं होतं. त्यांना नावं पाठ करायला लावू नका. एकाच झाडाला त्यांचं झाड म्हणू द्या, जाता-येता दिसणारं कुठलंही. त्याची पानं कधी गळाली, फुलं कधी आली, मुंग्या खोडावरून कुठे जातात, हे त्यांनी तुम्हाला सांगायचं. तुम्हाला उत्तर माहीत असलं तरी लगेच देऊ नका. दुर्बीण लहानपणी फारशी कामी येत नाही, दोन-तीन पट मोठं दाखवणारं साधं भिंग मात्र दिवसभर हातातून सुटत नाही.

नोंद ठेवा, पण छोटी. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात एक ओळ पुरते: पहिला कोकीळ, घारीने काडी नेली, लिंबावर अंडं. एका वर्षानंतर तेच पान उलटलं की पुढच्या गोष्टी कधी घडणार याचा अंदाज बांधता येतो आणि बघण्यातली खरी गंमत तिथून सुरू होते. ज्याचं नाव कळत नाही त्याचा फोटो आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर टाका, तिथे जाणकार लोक ओळख पटवून देतात. पक्ष्यांची मोजणी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकली तर ती संशोधकांच्या कामी येते. या दोन्ही ठिकाणी घरातून केलेल्या नोंदींना तेवढीच किंमत आहे. दर फेब्रुवारीत चार दिवस चालणारी ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट ही मोजणी त्यासाठीच आखलेली आहे. सलग निदान पंधरा मिनिटं, हव्या त्या जागेवरून, दिसले-ऐकले तेवढे पक्षी मोजायचे. मुलांना घेऊन बाल्कनीतूनच करा, कावळे आणि कबुतरंसुद्धा मोजा, कारण नेहमीचे पक्षी वाढले की घटले हे अशाच याद्यांवरून कळतं.